सोमवार, संध्याकाळी पाच वाजता

आपल्या मंडळाचा गणपती गेली काही वर्षे ज्या हॉलमध्ये बसतो तो एका चर्चचा आहे, हे सभासदांना ठाऊकच आहे. खुर्च्या मोजून परत लावायच्या, उदबत्तीचा धूर अलार्मपर्यंत पोचू द्यायचा नाही, आणि रात्री दहाला ताशा बंद. एवढ्या तीन अटी पाळल्या की तिथले लोक आपल्याला आणखी काही विचारत नाहीत. त्या हॉलच्या दाराशी एक सूचनाफलक आहे. गेल्या वर्षी प्रसादाची पातेली गाडीतून यायची होती तेवढ्या वेळात मी तो वाचत उभा राहिलो. गायनवर्ग, म्हाताऱ्यांचा कॉफीपानाचा कार्यक्रम, निर्वासितांसाठी जर्मनचे वर्ग, आणि सर्वांत खाली एका गटाच्या मासिक बैठकीची वेळ. गटाच्या नावात तीन शब्द होते : न्याय, शांती आणि सृष्टीचे जतन.

जर्मनीतल्या किती तरी चर्चच्या फलकांवर हे तीन शब्द याच जोडणीने दिसतात. सुरुवातीला मला ते एखाद्या सरकारी परिपत्रकातल्यासारखे, कोणालाच न दुखवणारे वाटत. पुढे नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे लाइपझिगला राहिलो, तेव्हा कळले की हे शब्द जोडून उच्चारणे हे एके काळी तिथे बरेच धोक्याचे काम होते. पाहुण्यांना आपण लाइपझिग दाखवतो ते बाखसाठी. थोमास चर्च, बाखचा पुतळा, मग कॉफी. तिथून दहा मिनिटांवर असलेल्या निकोलाय चर्चमध्ये फार थोडे जण जातात; गेलेच तर १९८९ सालच्या एका रात्रीची गोष्ट ऐकून येतात. सत्तर हजार माणसे, हातात मेणबत्त्या, गोळी सुटली नाही, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंत कोसळली. गोष्ट खरी आहे. पण ती शेवटच्या पानापासून वाचल्यासारखी आहे. आधीची सात वर्षे त्यात येत नाहीत, आणि मला तर तीच अधिक महत्त्वाची वाटतात.

पूर्व जर्मनीत १९६२ साली सक्तीची लष्करभरती आली. १९६४ पासून, शस्त्र हाती घेणार नाही म्हणणाऱ्यांना बांधकाम-शिपाई म्हणून राबण्याची मुभा मिळाली. पूर्व गोटातल्या देशांत अशी सोय दुसरीकडे नव्हती. पण ज्याने ती घेतली त्याचे पुढचे शिक्षण बहुधा खुंटले असेच समजायचे. १९७८ साली नववी-दहावीच्या मुलांना लष्करी शिक्षण हा शाळेतला विषयच झाला. पाठोपाठ क्षेपणास्त्रांचा काळ आला. सोव्हिएत संघाची एसएस-२० क्षेपणास्त्रे अगोदरच रोखलेली होती. डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने उत्तरादाखल पश्चिम जर्मनीत पर्शिंग आणण्याचे ठरवले. दोन्ही बाजूंच्या जर्मनांना एवढे समजत होते की युद्ध झालेच तर ते त्यांच्या अंगणात होईल.

या पार्श्वभूमीवर सॅक्सनीतले युवकांचे पाद्री हाराल्ड ब्रेटश्नायडर यांनी नोव्हेंबर १९८० मध्ये शांततेसाठी दहा दिवसांचा कार्यक्रम आखला. त्याचे चिन्ह त्यांनी मोठ्या हुशारीने निवडले. तलवार ठोकून नांगराचा फाळ करणारा माणूस. कल्पना बायबलातली, पण पुतळा सोव्हिएत शिल्पकार वुचेतिच यांचा, आणि तो सोव्हिएत सरकारनेच १९५९ साली संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिलेला. त्यावर बंदी घालायची तर कोणत्या तोंडाने? छपाईचीही युक्ती अशीच. कागदावर छापायला सरकारी परवाना लागे. कापडावर छापणे हे कापडावरची प्रक्रिया म्हणून मोजले जाई, त्याला लागत नसे. म्हणून चिन्ह छापले ते कापडाच्या पट्टीवर. मुलांनी ते बाहीला शिवले. १९८२ साली सरकारने तरीही बंदी घातलीच. शाळेच्या दारात, रस्त्यात, पोलीस बाहीवरचे कापड कापायला लावू लागले. काही मुलांनी चिन्हाच्या जागी पडलेले भोक तसेच ठेवून हिंडायला सुरुवात केली, असे त्या वेळचे लोक सांगतात.

त्याच वर्षी २० सप्टेंबरला, एका सोमवारी, लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना सुरू झाली आणि ती दर सोमवारी करायची असे ठरले. आठवड्याला एकदा, ठरल्या वारी अशी प्रार्थना करण्याची कल्पना मुळात ड्रेस्डेनमधल्या ख्रिस्टोफ वोनेबेर्गर या पाद्र्याची. ती लाइपझिगच्या तरुणांनी उचलली. निकोलाय चर्चचे पाद्री होते ख्रिस्टियान फ्यूरर. (हे आडनाव घेऊन जर्मनीत शांततेचे काम करायचे म्हणजे विधात्याची थट्टाच. ते स्वतः मात्र डेनिमचे जाकीट घालून हिंडणारे, अगदी साधे गृहस्थ होते.) तासाभराचा कार्यक्रम : एखादा गट आपला विषय मांडणार, बायबलातला उतारा, थोडे गाणे, प्रार्थना. पहिल्या वर्षांत उपस्थिती पुष्कळदा बोटांवर मोजण्याइतकी असे. ज्या चर्चमध्ये १७२४ साली बाखचे योहान पॅशन पहिल्यांदा सादर झाले, त्या ताडाच्या झाडांसारख्या खांबांच्या भव्य सभागृहात आठ-दहा जण बसले आहेत असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. सांस्कृतिक कार्यक्रमाला तीस डोकी जमली तरी खट्टू होणाऱ्या आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते जरूर आणावे.

चर्चच का, या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला फार समजावून द्यावे लागत नाही. पूर्व जर्मनीत कोणतीही सभा घ्यायची तर पोलिसांकडे नोंद व परवानगी लागे; धार्मिक स्वरूपाच्या सभेला लागत नसे. लोकमान्यांनी १८९३-९४ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाला जे बळ दिले त्यामागेही हाच हिशेब होता. देवासमोर जमलेल्या लोकांना पांगवणे राज्यकर्त्याला जड जाते. तिकडे मेळ्यांच्या पदांवर इंग्रज सरकारची नजर असे, इकडे प्रार्थनेतल्या वाक्यांवर श्टाझी या गुप्त पोलिसांची. चर्चमध्ये फिरवून काढलेल्या पत्रकांवर एक शिक्का असे, 'फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी'. या शिक्क्याखाली पर्यावरणाचे अहवाल निघाले, तुरुंगातल्या माणसांची नावे निघाली, निवडणुकीतल्या लबाडीचे आकडेही निघाले.

पण एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. टिळकांना मंडपात राजकारण हवेच होते. लाइपझिगच्या यजमानांना ते नको होते, किंवा पेलवेल की नाही याची धास्ती होती. मार्च १९७८ मध्ये बिशप शेनहेर आणि राष्ट्रप्रमुख होनेकर यांची भेट होऊन चर्च आणि सरकार यांच्यात एक प्रकारचा समझोता झाला होता. चर्चला थोडी मोकळीक, बदल्यात चर्चने सरकारशी उघड वैर धरायचे नाही. ती मोकळीक कष्टाने मिळवलेली होती. लाइपझिगकरांच्या डोळ्यांसमोर तर १९६८ चा मे महिना होता. शहराच्या मुख्य चौकातले विद्यापीठाचे जुने, काहीही न मोडलेले चर्च सरकारने ३० मेला सुरुंग लावून उडवले होते. त्यामुळे चर्चचे अधिकारी भित्रे होते असे आज खुर्चीत बसून म्हणणे सोपे आहे.

या तीन शब्दांतला 'सृष्टी' हा शब्द लाइपझिगमध्ये पुस्तकातून आला नाही, नाकातून आला. शहराच्या दक्षिणेला तपकिरी कोळशाचा प्रचंड साठा. पूर्व जर्मनीकडे चांगला दगडी कोळसा जवळजवळ नाही, तेल सोव्हिएत संघाकडून, आणि १९८० नंतर तेही कमी झाले. त्यामुळे सगळी भिस्त या ओल्या, गंधकयुक्त कोळशावर. वर्षाला तीस कोटी टनांच्या आसपास तो खणला जाई. इतका जगात दुसरा कोणताही देश खणत नव्हता. एस्पनहाइन इथे नाझी काळात उभारलेला कारखाना होता. तिथे कोळसा हवा न लागू देता तापवून त्यातून डांबर काढत. या प्रक्रियेतून जे पाणी उरते त्यात फिनॉल असते. इंजिनिअर म्हणून सांगतो, ते शुद्ध करणे अशक्य नाही, फक्त त्याला पैसा आणि नवी यंत्रे लागतात. दोन्ही नव्हती. पाणी प्लायसे नदीत जाई आणि नदी लाइपझिगमध्ये. पाण्यावर फेस, आणि वास असा की १९५० च्या दशकात प्लायसेचा शहराच्या मध्यातून वाहणारा गिरणीचा पाट पालिकेने सरळ झाकून जमिनीखाली घातला. कारखान्याशेजारच्या म्योल्बिस गावात दोरीवर वाळत घातलेले कपडे काळे होऊन येत. १९८२ साली सरकारने यावर जो उपाय केला तो अस्सल सरकारी होता. प्रदूषणाचे आकडे गुप्त ठरवण्यात आले.

आकडे गुप्त ठेवता येतात, वास कसा ठेवणार? क्षेपणास्त्रांविषयी बोलायला जे घाबरत ते नदीविषयी बोलायला तयार होते. चर्चच्या युवक कार्यालयाच्या आधाराने १९८१ पासून पर्यावरण संरक्षणाचा एक गट काम करत होता. तो झाडे लावी, सायकलफेऱ्या काढी, एक पत्रिकाही चालवी. रोटा गावच्या पाद्र्यांच्या पुढाकाराने १९८८ साली 'एस्पनहाइनसाठी एक मार्क' ही मोहीम निघाली. सह्यांची मोहीम काढणे म्हणजे तुरुंगाची वाट. म्हणून त्यांनी देणगी गोळा केली : प्रत्येकी एक मार्क, कारखान्याच्या शुद्धीकरणासाठी, आणि देणगी म्हटली की देणाऱ्याची सही आलीच! हजारो लोकांनी मार्क दिला. सरकारला तो घेता येईना आणि नाकारताही येईना.

५ जून १९८८ या जागतिक पर्यावरण दिनी दोनशेच्या आसपास माणसे प्लायसेच्या काठाने चालत गेली. मोर्चाला नाव दिले होते स्मरणयात्रा, म्हणजे मेलेल्या नदीच्या स्मरणार्थ. आपल्याकडे दिंडी निघते तशी ही दिंडी, फक्त देव आधीच गेलेला. त्या वेळी पोलिसांनी ती जाऊ दिली. पुढच्या वर्षी ४ जूनला पुन्हा निघायचे ठरले तेव्हा मात्र परवानगी नाकारण्यात आली. प्रार्थना झाल्यावर लोक तरीही चालू लागले. पोलिसांनी अडवले, अनेकांना ट्रकमध्ये घालून नेले. त्याच दिवशी पेकिंगच्या तिआनानमेन चौकात रणगाडे फिरले होते. चारच दिवसांनी पूर्व जर्मनीच्या संसदेने चिनी सरकारच्या कृतीला पाठिंबा देणारा ठराव केला. नदीकाठी चालणाऱ्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. तरी १० जूनला तरुणांनी शहरात विनापरवाना रस्तासंगीताचा मेळा भरवला, आणि भर बाजारात बासरी-गिटारवाल्यांना पोलीस उचलून नेत आहेत हे दृश्य खरेदीला आलेल्या सामान्य लोकांनी पाहिले. त्यांतले बहुतेक जण कधी चर्चमध्ये पाऊल न टाकलेले होते.

तीन शब्द एका माळेत ओवले जाण्याचे काम मात्र मोठ्या व्यासपीठावर झाले. १९८३ मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात पूर्व जर्मन प्रतिनिधींनी शांततेसाठी सर्व पंथांची परिषद बोलावण्याची सूचना केली. पुढे त्याला न्याय आणि सृष्टी यांची जोड मिळाली. तिसऱ्या जगातल्या लोकांचे म्हणणे होते की न्यायाशिवाय शांतता म्हणजे श्रीमंतांची झोप, आणि ते रास्तच होते. त्याला धरून पूर्व जर्मनीतल्या सर्व पंथांची परिषद फेब्रुवारी १९८८ मध्ये ड्रेस्डेनला, ऑक्टोबरमध्ये माग्देबुर्गला आणि एप्रिल १९८९ मध्ये पुन्हा ड्रेस्डेनला भरली. आधी लोकांना आवाहन केले होते की तुम्हाला काय खुपते ते लिहून कळवा. दहा हजारांवर पत्रे आली! ज्या देशात वर्तमानपत्राला पत्र लिहिताना माणूस दहादा विचार करी, त्या देशात. काय खुपते? मुलांना शाळेत हवे ते बोलता येत नाही, प्रवास करता येत नाही, हवा, पाणी, मतदानाचे सोंग. हे सगळे 'न्याय' या शब्दाखाली आले आणि तिथून निकोलाय चर्चच्या सोमवारी.

आता खुद्द सोमवारच्या प्रार्थनेतल्या भांडणाकडे येतो. वोनेबेर्गर १९८५ साली लाइपझिगच्या पूर्वेकडच्या कामगार वस्तीतल्या लुकास चर्चला बदलून आले आणि पुढे सोमवारच्या प्रार्थनेची जुळणी त्यांच्याकडे आली. त्यांनी ती शहरातल्या छोट्या-छोट्या गटांना वाटून दिली. मानवी हक्कांचा गट, न्यायाचा गट, पर्यावरणाचा गट, आळीपाळीने. मांडणी तीक्ष्ण होऊ लागली, प्रार्थनेचा भाग आखडू लागला. सरकारचा दाब वाढला. ऑगस्ट १९८८ मध्ये शहराचे धर्माधिकारी फ्रीड्रिश मागिरियुस यांनी वोनेबेर्गर यांना जुळणीच्या कामातून मोकळे केले आणि गटांना बाजूला सारून प्रार्थना चर्चच्या ताब्यात घेतली. गट संतापले. यजमानाने माइक काढून घेतला तर पाहुण्याने काय करायचे? ते बाहेर आले. प्रार्थना संपली की चर्चसमोरच्या फरसबंद अंगणात थांबू लागले, तिथेच बोलू लागले. अंगण चर्चचे की रस्त्याचे, हे पोलिसांनाही नीट ठरवता येईना. एप्रिल १९८९ पासून गटांना पुन्हा आत घेण्यात आले, पण अंगणात थांबायची सवय लागली ती लागलीच. मला हा सारा प्रकार फार विचार करायला लावणारा वाटतो. ज्या निर्णयाने आवाज दबायचा, त्यानेच तो छपराखालून उघड्यावर आणला. मागिरियुस यांनाही सगळा दोष देऊन चालणार नाही. प्रार्थना बंद करा किंवा शहराबाहेर न्या, असे सरकार सतत सांगत होते, आणि ते त्यांनी व निकोलायच्या मंडळींनी केले नाही.

अंगणात आणखी एक जमात होती, आणि तिच्याविषयी लिहिताना मी थोडा अडखळतो. देश सोडून जाण्यासाठी अर्ज केलेले लोक. अर्ज केला की नोकरी जाई, मुलांना शाळेत ऐकून घ्यावे लागे, आणि उत्तराची वाट वर्षानुवर्षे पाहायची. फेब्रुवारी १९८८ मध्ये फ्यूरर यांनी 'पूर्व जर्मनीतले जगणे आणि राहणे' या विषयावर संध्याकाळ ठेवली. त्यांना पन्नासेक माणसांची अपेक्षा होती, आली शेकडो. तेव्हापासून सोमवारची गर्दी वाढली ती मुख्यतः या लोकांनी. गटांमधल्या जुन्या कार्यकर्त्यांना ते खपत नसे. आम्ही इथे राहून देश सुधारू पाहतो, आणि हे केवळ लवकर व्हिसा मिळावा म्हणून आमच्या प्रार्थनेत बसतात! सप्टेंबर १९८९ मध्ये अंगणात दोन घोषणा समोरासमोर होत्या : 'आम्हाला बाहेर पडायचे आहे' आणि 'आम्ही इथेच राहणार'. परदेशी येऊन वसलेल्या आपल्यासारख्यांनी या दोघांत कोणाची बाजू घ्यावी? गावी गेल्यावर 'तुमचे बरे आहे, तुम्ही सुटलात' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. इतिहासाने मात्र दोघांनाही कामाला लावले. जाणाऱ्यांनी सरकारला घाबरवले, आणि राहणाऱ्यांनी 'राहणार' म्हणून त्याहून अधिक घाबरवले.

पुढचा घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. ७ मे १९८९ च्या नगरपालिका निवडणुकीत सरकारने ९८.८५ टक्के पाठिंबा जाहीर केला. गटांचे लोक मतमोजणीला जाऊन बसले होते, त्यांचे आकडे जुळेनात. ४ सप्टेंबरला लाइपझिगच्या व्यापारी जत्रेचा सोमवार होता, पश्चिमेचे वार्ताहर शहरात होते. दोन तरुणींनी अंगणात 'मोकळ्या माणसांचा खुला देश' मागणारा फलक उघडला. साध्या वेशातल्या पोलिसांनी तो हिसकावला आणि ते दृश्य पश्चिम जर्मन टीव्हीवर दिसले. पूर्वेतल्या घरोघरी तो चोरून पाहिला जाई. २५ सप्टेंबरला हजारो, २ ऑक्टोबरला वीस हजारांच्या आसपास. ६ ऑक्टोबरला स्थानिक वर्तमानपत्रात कामगारांच्या सशस्त्र दलाच्या एका तुकडीप्रमुखाचे पत्र छापून आले. त्याचा मथितार्थ असा की गरज पडली तर हाती शस्त्र घेऊन समाजवाद राखू.

९ ऑक्टोबरला पाळणाघरांतली मुले दुपारीच घेऊन जा असे आईबापांना सांगण्यात आले. इस्पितळांत रक्त आणि खाटा तयार ठेवल्याच्या बातम्या पसरल्या. निकोलाय चर्चमध्ये दुपारपासूनच पक्षाचे शेकडो सदस्य वरच्या हुकमाने जागा अडवून बसले. फ्यूरर यांनी त्यांचे स्वागत केले. वर्षानुवर्षे बाहेर पाटी होती, 'निकोलाय चर्च, सर्वांना खुले'. मग यांना कसे नाही म्हणायचे? त्या दिवशी आणखी तीन चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. गटांनी लुकास चर्चमध्ये हाताने फिरवण्याच्या यंत्रावर हजारो पत्रके काढली होती. पोलिसांनाही आणि लोकांनाही उद्देशून त्यात एक वाक्य होते, 'आपण एकच लोक आहोत'. संध्याकाळी गेवांडहाउसचे संगीतनियोजक कुर्ट मासूर, एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी कलाकार आणि पक्षाचे तीन जिल्हा-सचिव या सहा जणांचे शांततेचे आवाहन ध्वनिक्षेपकांवरून वाचले गेले. (या सहांपैकी एक जण श्टाझीचा खबऱ्या होता हे पुढे बाहेर आले. माणसे अशी असतात.) सत्तर हजार लोक शहराच्या वर्तुळाकार रस्त्याने चालले. पोलीस मागे सरले. रिफॉर्म्ड चर्चच्या मनोऱ्यावरून दोन तरुणांनी चोरून चित्रीकरण केले, एका पश्चिमी पत्रकाराने ती फीत बाहेर नेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाने ती पाहिली.

सत्तर हजार लोक जमवले कोणी? घरी टेलिफोन थोड्यांकडे, वर्तमानपत्र सरकारचे, नेता म्हणावा असा एक जण नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे तर आधी एक साधा संकेत ठरलेला असावा लागतो, नाही तर कितीही ताकदीची यंत्रे गप्प बसतात. लाइपझिगकरांकडे तो संकेत होता : सोमवार, पाच वाजता, निकोलाय चर्च. आवाहन कोणी केलेच नाही, कारण करण्याची गरज नव्हती. सात वर्षे आठ-आठ, दहा-दहा माणसांनी तो वार आणि ती वेळ चुकवली नव्हती म्हणून शहराला ती पाठ झाली होती.

त्यानंतरचे सांगताना या इतिहासाची दुसरी बाजू येते. वोनेबेर्गर यांना ३० ऑक्टोबर १९८९ रोजी पक्षाघात झाला आणि वाचा गेली. भिंत पडली तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते. जगभरचे कॅमेरे फ्यूरर यांच्याकडे आणि मासूर यांच्याकडे वळले. ज्याने हे यंत्र जोडले तो शब्द शोधत होता. 'आपण एकच लोक आहोत' हे पोलिसांसाठी लिहिलेले वाक्य थोड्याच आठवड्यांत दोन जर्मनींच्या एकीकरणाची घोषणा झाले. १८ मार्च १९९० च्या निवडणुकीत, गटांतल्या अनेकांनी मिळून काढलेल्या 'बुंडनिस ९०' ला २.९ टक्के मते पडली. लोकांना तिसरी वाट नको होती, डॉइचमार्क हवा होता. मला त्यांना नावे ठेववत नाहीत. आपण तरी इथे कशासाठी आलो?

एस्पनहाइनचा डांबराचा कारखाना १९९० साली बंद झाला. हवा स्वच्छ झाली, नदी स्वच्छ झाली आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. फ्यूरर यांनी चर्चमध्ये बेरोजगारांसाठी काम सुरू केले. काल सरकारला नको असलेले हे गृहस्थ आता नव्या व्यवस्थेलाही अडचणीचे वाटू लागले. २००३ साली इराक युद्धाविरुद्ध तिथून मोर्चे निघाले, २००४ साली बेरोजगारी भत्त्यातल्या कपातीविरुद्ध. सोमवार हा वार इतका भारी ठरला की २०१५ साली परक्यांविरुद्ध घोषणा देणाऱ्यांनीही तोच वर्तुळाकार रस्ता आणि तीच १९८९ ची घोषणा उचलली. आपल्या रंगाच्या माणसाला त्या संध्याकाळी त्या रस्त्याने जायला नको वाटे. त्या वर्षी मी ऑफिसातून घरी जाताना दोन स्थानके आधीच उतरून आडवाटेने जात असे. त्यांच्यासमोर उभे राहिलेल्या लाइपझिगकरांची संख्या पुष्कळदा मोठी होती, हेही नोंदवले पाहिजे.

२०१४ साली जर्मन राष्ट्रीय पुरस्कार फ्यूरर, वोनेबेर्गर, त्या गटांतले एक कार्यकर्ते उवे श्वाबं आणि या चळवळीचे कागद जपणारे लाइपझिगचे संग्रहालय यांना मिळून देण्यात आला. त्याच जून महिन्याच्या अखेरीस फ्यूरर वारले. वोनेबेर्गर बोलायला पुन्हा शिकले होते, त्याला बरीच वर्षे लागली.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आमच्याकडे आलेल्या आत्याला मी लाइपझिगला घेऊन गेलो. झाकलेला गिरणीचा पाट आता टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडला आहे. काठाशी कठडे, बाके, पाण्यात बदके. दक्षिणेला कोळशाच्या खाणीचा खड्डा होता तिथे कोस्पुडेनचा तलाव आहे, २००० सालापासून लोक त्यात पोहतात. आत्याने पाण्याचा वास घेऊन पाहिला आणि मुठेची चौकशी केल्यासारखे विचारले, "हे असे किती वर्षांत झाले?" मी सांगितले. सोमवारच होता, म्हणून पाचला आम्ही निकोलाय चर्चमध्ये गेलो. साठेक माणसे होती, निम्मी पांढऱ्या केसांची. एका गटाची दोन मुले शहरातल्या घरभाड्यांविषयी बोलली, मग गाणे झाले. बाहेर आल्यावर अंगणात पाच-सहा जण थांबले होते, भाड्याविषयीच बोलत. आत्या म्हणाली, थांबू या थोडे, गाडीला वेळ आहे.